आधी बाहेरचे काम, मग घर

(खेड्यांतील मंडळ्यांच्या अभ्यासवर्गासाठी पाठ)

आपल्या स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे घर असावे, आणि त्याच्या लगतच आपल्या हातच्या धंद्यासाठी एक पक्की जागा असावी, ही इच्छा आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या मनात असते. ही इच्छा देवभक्तीस विरुद्ध नाही. बाबेलात धरून नेलेल्या लोकांस यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठविले, त्यात घरे बांधून त्यांत राहण्याविषयी व बागा लावून त्यांचे फळ खाण्याविषयी देवाची आज्ञा कळविली, हे त्याच्या २९ व्या अध्यायात आपण वाचतो. परक्या मुलुखात राहणाऱ्यांस जर ही आज्ञा झाली, तर आपल्या वाडवडिलांच्या गावी राहणाऱ्यांनी घर बांधण्यात संकोच कशाचा धरावा? आपला प्रभूही नासरेथात सुतार म्हणून ओळखला जात असे. मार्काच्या ६ व्या अध्यायात त्याच्यासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्यात लाकूडकाम करणारा व घर बांधणारा हे दोन्ही अर्थ सामावतात. तेव्हा बांधावे की न बांधावे हा प्रश्न नाही. कोणत्या क्रमाने, कोणत्या जागी व कोणाच्या पैशाने बांधावे, हा प्रश्न आहे.

हा पाठ लिहिताना आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुका डोळ्यांपुढे ठेवला आहे. तेथील जांभ्याची जमीन, तेथील पाऊस व तेथील कौलारू घरे ध्यानात घेऊन पुढील सूचना केल्या आहेत. इतर भागांतील वाचकांनी त्या आपापल्या मातीप्रमाणे बदलून घ्याव्यात. सुवार्तिक बंधूंनी हा पाठ दोन बैठकांत घ्यावा. आरंभी नीतिसूत्रांच्या २४ व्या अध्यायातील २७ वे वचन आणि लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायातील २८ ते ३० ही वचने वर्गातील कोणा एकाकडून मोठ्याने वाचवून घ्यावीत.

१. वचनाने लावून दिलेला क्रम

नीतिसूत्रकर्ता सांगतो की, मनुष्याने प्रथम बाहेरचे काम सिद्ध करावे, शेतातील तयारी करावी, आणि त्यानंतर आपले घर बांधावे. हा क्रम का? शेत कुटुंबाला पोसते. घर कुटुंबाला केवळ निवारा देते. पोसणारी वस्तू आधी उभी राहिली, तर तिच्या उत्पन्नातून निवारा उभा राहू शकतो. निवारा आधी उभा केला, तर तो पोसणाऱ्या वस्तूचेच भांडवल खाऊन टाकतो. ज्याचे शेत थोडे आणि हातचा धंदा हाच मुख्य आधार, त्याच्यासाठी बाहेरचे काम म्हणजे त्याचा कारखाना होय. कारखाना म्हणजे येथे धुरांड्याची गिरणी समजू नये. सुताराची शेड, लोहाराची भट्टी, शिवणयंत्राची खोली, पंप दुरुस्त करण्याची जागा, काजू फोडण्याची पडवी, हे सर्व आमच्या अर्थाने कारखानेच आहेत.

आमच्या खेड्यांत मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते. मुलगा मुंबईस किंवा पुण्यास नोकरीला जातो, कर्ज काढतो, आणि गावी रस्त्याच्या कडेला मोठे घर बांधतो. पुढे त्या कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी त्याला शहरातच राहावे लागते. घराला वर्षातून अकरा महिने कुलूप असते, आणि गावी राहिलेला त्याचा भाऊ दुसऱ्याच्या ओट्यावर रंधा चालवितो. घर झाले खरे, परंतु कोणासाठी? आजरा, गडहिंग्लज, चंदगड या बाजूची पुष्कळ माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला होती. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर हजारो कामगारांची नोकरी कायमची गेली. जे गावी परतले, त्यांपैकी ज्यांच्या हाती कसब होते व ते चालविण्यास जागा होती, त्यांना उभे राहणे सोपे गेले. ज्यांच्यापाशी केवळ भिंती होत्या, त्यांना जड गेले. हा क्रम पाळण्याचे कारण यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

आपल्याच मुलुखातील एक मोठे उदाहरण वर्गापुढे ठेवण्याजोगे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, आणि पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करू लागले. नगराच्या विस्तारामुळे तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचा ओसाड माळ दिला. तो निवडुंगाने भरलेला होता. तेथे १९१० मध्ये कारखाना उभा राहिला, आणि त्या कारखान्याच्या आधाराने घरे, शाळा व वस्ती वाढून किर्लोस्करवाडी हे गाव झाले. आधी तेथे मोठाले वाडे बांधले असते, तर तो माळ माळच राहिला असता. आपल्यापाशी औंधचा राजा नाही हे खरे. परंतु क्रम तोच आहे, आणि तो दोन गुंठ्यांच्या जागेवरही पाळता येतो.

२. जागा खरोखर आपली आहे काय?

पाया खणण्यापूर्वी कागद पाहावा. शेजाऱ्याच्या मेरेचा दगड सरकवू नये, असे मोशेच्या नियमशास्त्रात अनुवादाच्या १९ व्या अध्यायात सांगितले आहे. आजच्या काळी मेरेचा दगड कागदावरही असतो. म्हणून सातबारा उतारा, खाते उतारा व फेरफार हे तिन्ही काढून घ्यावेत, आणि भूमि अभिलेख कचेरीकडून सरकारी मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्याव्यात. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मिळतो. परंतु तो कराच्या आकारणीचा कागद आहे, केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हे विसरू नये.

पुष्कळ जमिनी भावाभावांच्या सामायिक असतात. सामायिक जमिनीवर एकट्याने बांधलेले घर म्हणजे पुढच्या पिढीसाठी पेरून ठेवलेले भांडण होय. वाटणी आधी करावी, आणि ती कागदावर करावी. येथे ख्रिस्ती कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मृत्युपत्र न करता ख्रिस्ती मनुष्य वारला, तर त्याच्या मालमत्तेचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ठरतो. मागे विधवा व मुले असल्यास विधवेस एक तृतीयांश मिळतो, आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली यांच्यात सारखे वाटले जाते. तेव्हा लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे नाव वारसनोंदीतून गाळून तिच्या हिश्श्यावर घर बांधणे, हा कायद्याचा भंग आहे आणि प्रभूच्या दृष्टीने चोरी आहे. सलाफहादाच्या मुलींनी मोशेपाशी आपल्या बापाचे वतन मागितले, तेव्हा देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरविले, हे गणनेच्या २७ व्या अध्यायात वाचावे.

ज्या कुटुंबांची जमीन पूर्वी गावकीच्या सेवेबद्दल वतन म्हणून होती, व १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याच्या कायद्यानंतर जी त्यांना पुन्हा देण्यात आली, त्यांनी अधिकच सावध असावे. अशा जमिनीच्या उताऱ्यावर बहुधा भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असते, आणि तिच्या विक्रीस किंवा हस्तांतरास सरकारी परवानगी लागते. कोणी घाईने स्टँपपेपरावर सही मागितल्यास ती देऊ नये. आपल्या आजोबांनी अपमान सोसून राखलेली जमीन एका सहीने जाऊ देणे योग्य नव्हे.

शेतजमिनीवर काय बांधता येते, हेही विचारून घ्यावे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतघराची व्याख्या दिली आहे. अवजारे, खत, वैरण व पीक साठविणे, जनावरे बांधणे, आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाने राहणे, यांसाठी शेतात बांधलेली इमारत तीत येते. परंतु गिऱ्हाइकांची कामे घेणारी सुतारकामाची किंवा जोडकामाची शेड ही शेतीचा भाग नव्हे. तिच्यासाठी बिगरशेती वापराचे नियम लागू होतात. हे नियम वेळोवेळी सुधारले जातात. म्हणून पाया आखण्यापूर्वी महसूल कचेरीत व ग्रामपंचायतीत जाऊन त्या वेळचा नियम लेखी समजून घ्यावा. ज्याला स्वतः वाचता येत नाही, त्याच्यासोबत सुवार्तिकाने जावे. ही देखील सेवाच आहे.

३. पाऊस, पूर आणि वारा

मत्तयाच्या ७ व्या अध्यायातील दोन घरांचा दृष्टांत आजऱ्याच्या माणसास समजावून सांगावा लागत नाही. पाऊस कोसळणे, पूर येणे व वारा घरावर आदळणे, हे तिन्ही तो दरवर्षी पाहतो. घाटमाथ्याकडील गावांत पाऊस अतोनात पडतो, आणि पूर्वेस गडहिंग्लजकडे येताना तो कमी होत जातो. हिरण्यकेशी आंबोलीच्या बाजूने येऊन आजऱ्यावरून पुढे वाहते. २०१९ च्या ऑगस्टात व २०२१ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यात महापूर आले. तेव्हा जागा निवडताना गावातील वृद्धांस विचारावे की, सर्वांत मोठ्या पुराचे पाणी कोठवर आले होते. त्या खुणेच्या पुष्कळ वर जोते घ्यावे.

पुराच्या भीतीने डोंगराच्या पायथ्याशी उतार कापून बसणे, हेही शहाणपण नव्हे. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी, आणि रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. दोन्ही वस्त्या मुसळधार पावसात गाडल्या गेल्या. ज्या उतारावर पावसाळ्यात नवे झरे फुटतात, भेगा पडतात किंवा झाडे वाकडी होतात, ती जागा सोडून द्यावी. भाताचे खाचर बुजवून घर बांधू नये. तेथे पाया खोल न्यावा लागतो, आणि घनसाळासारखे पीक देणारी माती कायमची जाते. घरासाठी वरकस माळाचा कडेचा तुकडा घ्यावा. जांभ्याच्या पठारावर वरच्या भागात विहिरीस पाणी लागणे कठीण असते. जांभ्याचा थर संपून खालची चिकण माती जेथे लागते, त्या कडेला बहुधा झरे सापडतात. म्हणून जागा ठरविण्यापूर्वी वैशाखातील पाणी पाहावे, आषाढातील नव्हे.

पावसाळी वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून दार व कारखान्याची उघडी बाजू पूर्वेस किंवा उत्तरेस ठेवावी, पश्चिमेस पडवी काढावी किंवा भिंत बंद ठेवावी. जोते निदान दोन फूट उंच असावे. वळचण भिंतीच्या बाहेर अडीच ते तीन फूट यावी, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायाशी पडणार नाही. कौलारू छपराचा उतार दर दोन फूट अंतरास सव्वा फुटाहून कमी नसावा. उतार कमी झाला की वाऱ्याबरोबर पाणी कौलांच्या खालून आत शिरते.

पायाभरणीच्या वेळी मुहूर्त विचारण्याची, कोंबडे कापण्याची व दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली बांधण्याची चाल गावोगाव आहे. गवंडी आग्रह करतो, शेजारी कुजबुजतात, आणि नवीन विश्वासी घाबरतो. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. मंडळीने त्या सकाळी तेथे जमावे, प्रार्थना करावी, आणि गवंड्यास व मजुरांस पोटभर जेवू घालावे. कोणाच्या रीतीची थट्टा करू नये. जो पाया पक्का खणतो, कोन गुण्यात धरतो व मजुरी वेळेवर देतो, त्याच्या घरास कशाची दृष्ट लागणार?

४. जवळचे साहित्य

परमेश्वराने ज्या मुलुखात आपल्याला ठेवले, तेथेच बहुतेक साहित्यही ठेवले आहे. आजऱ्याच्या बाजूस ते साहित्य म्हणजे जांभा दगड. हा खाणीत असताना मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात. हवेत राहिला म्हणजे तो कठीण होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश प्रवाशाने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मलबारातील या दगडाला विटेच्या लॅटिन नावावरून लॅटराइट हे नाव दिले. चिरा घेताना ठोकून पाहावा. खणखणीत आवाज देईल तो घ्यावा. ज्याच्या छिद्रांत पांढरी किंवा पिवळी माती भरलेली दिसते, तो पावसात झिजतो; तो आतल्या भिंतीसही वापरू नये. ताजे चिरे लगेच भिंतीत न बसविता काही आठवडे उघड्यावर रचून ठेवावेत. चांगल्या चिऱ्याच्या भिंतीस बाहेरून गिलावा न करता केवळ दर्जा भरल्या, तरी पुष्कळ ठिकाणी चालते. त्यामुळे सिमेंटचा मोठा खर्च वाचतो.

लाकडासाठी आपल्या आवारातील झाड तोडण्यापूर्वी परवानगी लागते काय, हे पाहावे. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यात खाजगी जमिनीवरील काही जातींच्या झाडांस संरक्षण आहे. जुनी घरे मोडतात तेथील वासे, तुळया व दारे विकत घेणे, हा अधिक चांगला मार्ग होय. ते लाकूड मुरलेले असते, आणि पावसाळ्यात फुगून वाकत नाही. मात्र वाळवीसाठी ते नीट तपासून घ्यावे.

आपल्या डोक्यावरील मंगळुरी कौलाचा इतिहास तर आमच्या वाचकांनी अवश्य जाणावा. स्वित्झर्लंडातील बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास कौलांचा कारखाना सुरू केला. नवीन विश्वाशांस जातीबाहेर टाकले जाई, त्यांचे धंदे बुडत, आणि कोणी काम देत नसे. त्यांच्यासाठी जे विणकाम व कौलांचे उद्योग मिशनने काढले, त्यांतून ही कौले निघाली, व पश्चिम किनाऱ्यावरील असंख्य घरांवर चढली. जुन्या घरांवर त्या मिशनचा छाप असलेली कौले अजून आढळतात. ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या इतिहासात एक इशाराही आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनचे ते कारखाने ताब्यात घेतले, आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या संस्थेकडे गेले. कामगार विश्वासू होते, कुशल होते; पण कारखाना त्यांचा नव्हता, म्हणून तो कोणाच्या हाती जावा हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. मिशनच्या बंगल्याच्या सावलीत वाढलेल्या मंडळ्यांनी यावर विचार करावा. दुसऱ्याने दिलेल्या मोठ्या छपरापेक्षा आपल्या मालकीची लहान शेड अधिक टिकाऊ असते.

जवळच्या साहित्याविषयी लॉरी बेकर यांचेही नाव घ्यावेसे वाटते. ते १९१७ मध्ये इंग्लंडात जन्मले, क्वेकर पंथाचे होते, आणि १९४५ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी चालणाऱ्या मिशनच्या इमारतींच्या कामास हिंदुस्थानात आले. पुढे हिमालयातील पिठोरागड येथे व नंतर केरळात त्यांनी आयुष्य घालविले. इंग्लंडातील शाळेत शिकलेली विद्या त्यांनी बाजूला ठेवली नाही. परंतु डोंगरातील गवंडी दगड कसा बसवितो, हे त्यांनी त्याच्या शेजारी बसून शिकून घेतले. घरासाठी लागणारे साहित्य पाच मैलांच्या आतले असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आपल्या कामाचा नियम केला. २००७ मध्ये ते वारले. कमी पैशात बांधलेले घर हलके असते, हा समज त्यांच्या कामाने खोटा ठरविला.

५. कारखाना कसा असावा

आधी कसब, मग जागा, मग यंत्र, हा क्रम ठेवावा. आपल्या गावात काय लागते, हे प्रथम पाहावे: अवजारे व उसाच्या गाड्या दुरुस्त करणे, पंपांची मोटार बांधणे, दारे-खिडक्या करणे, काजू फोडणे, कपडे शिवणे. ज्या कामासाठी लोक आज गडहिंग्लजास किंवा कोल्हापुरास जातात, ते काम गावातच चांगले होऊ लागले, तर गिऱ्हाईक आपण होऊन येते.

बारा फूट रुंद व वीस फूट लांब शेड एका कारागिरास आरंभी पुरते. एक दार आठ फूट रुंद ठेवावे, म्हणजे गाडी थेट आत येईल. खिडक्या उत्तरेस असाव्यात; उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो आणि डोळ्यांवर तिरीप येत नाही. कामाच्या ओट्याची उंची अशी असावी की, उभे राहून हात खाली सोडला असता मनगट ओट्याला लागावे. लोहाराची भट्टी व सुताराचा भुसा एका छपराखाली ठेवू नये. विजेची जोडणी धंद्यासाठी स्वतंत्र घ्यावी. घराच्या जोडणीवर यंत्र चालवू नये. भूयोजन, म्हणजे अर्थिंग, नीट करून घ्यावे, आणि वीज गळू लागताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवावे. पावसाळ्यात जमीन, हात व भिंती सर्वच ओल्या असतात. ज्या ठिकाणी चार पैसे वाचविले, तेथेच प्राण जातो. गच्चीला कठडा करावा, नाही तर कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष घरावर येईल, अशी आज्ञा अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आहे. आपल्या यंत्राचा पट्टा झाकणे, हा त्याच आज्ञेचा आजचा अर्थ होय.

छपराचे पाणी वाया जाऊ देऊ नये. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटरच्या छपरावर एक हजार मिलिमीटर पाऊस पडल्यास पन्नास हजार लिटर पाणी होते. त्यातील थोडे जरी पन्हळीने टाकीत नेले, तरी बांधकामास व बागेस उपयोगी पडते.

६. खर्चाचा हिशेब

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्च मोजणाऱ्या मनुष्याचा दाखला प्रभूने दिला, तो मुख्यतः शिष्यत्वाविषयी आहे. परंतु त्या दाखल्याची धार यातच आहे की, प्रत्येक गावात एक तरी अर्धवट बांधलेले घर असते, आणि त्याकडे बोट दाखवून लोक हसतात. म्हणून आधी वहीत चार रकाने आखावेत: हाती असलेला पैसा, स्वतःच्या श्रमाने होणारे काम, उसने किंवा मदतीने मिळणारे साहित्य, आणि कर्ज. चौथा रकाना सर्वांत शेवटी भरावा.

समजा, एका बंधूने घरासाठी पाच लाख रुपये दरसाल दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतले. त्याला दरमहा सुमारे ६,६०० रुपये भरावे लागतील, आणि अखेरीस त्याने सुमारे ७ लाख ९३ हजार रुपये दिलेले असतील. म्हणजे जवळजवळ तीन लाख रुपये केवळ व्याज. ते घर त्याला एक रुपयाही मिळवून देत नाही. उलट कारखान्यासाठी घेतलेले थोडे कर्ज कारखाना स्वतः फेडू शकतो. २०२३ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, चांभार इत्यादी अठरा व्यवसायांच्या कारागिरांसाठी अवजारांना १५,००० रुपयांचे साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने पहिले एक लाखापर्यंतचे कर्ज यांची तरतूद आहे. ज्याला घरच नाही, त्याच्यासाठी २०१६ पासून पंतप्रधान ग्रामीण आवास योजना आहे. या योजनांची चौकशी ग्रामपंचायतीत स्वतः करावी. मध्यस्थाला पैसे देऊन करू नये.

संपूर्ण घराचा पाया एकदम घातला तरी चालेल, परंतु भिंती खणाखणाने उचलाव्यात. आधी कारखाना, त्याच्या एका टोकास राहण्याची एक खोली व स्वयंपाकाची पडवी, पुढच्या वर्षी दुसरा खण, मग तिसरा. लहान घर लाजेचे नसते. दुसऱ्याच्या पैशावर उभे राहिलेले मोठे घर रात्री झोपू देत नाही.

७. मजुरी आणि सावड

जो अन्यायाने आपले घर बांधतो, व शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेऊन त्याची मजुरी देत नाही, त्याला यिर्मयाने २२ व्या अध्यायात धिक्कारिले आहे. आणि तो मनुष्य राजा होता. मजुराची मजुरी शनिवारी संध्याकाळी चुकती करावी, म्हणजे रविवारी उपासनेत आपले मन मोकळे राहील, आणि त्याच्याही घरी चूल पेटेल. स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीचे काम देऊन मजुरी कमी देण्याची चाल आमच्यात तरी नसावी.

आपल्या भागात सावडीने किंवा पैऱ्याने एकमेकांचे काम करण्याची जुनी रीत आहे. नहेम्याच्या ३ ऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट असाच बांधला गेला. सोनार होते, गांधी होते, एका अधिकाऱ्याच्या मुलीही होत्या; आणि कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला. मंडळीतील पाच कुटुंबांनी ठरविले की, दर उन्हाळ्यात एकाचा पाया सर्वांनी मिळून खणावयाचा, तर पाच उन्हाळ्यांत पाच पाये होतात, आणि कोणालाही त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही.

शेवटी करिंथातील एका घराकडे पाहू. प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात अक्विला व प्रिस्किल्ला हे जोडपे आपणांस भेटते. रोमातून त्यांना घालविण्यात आले होते. परंतु तंबू करण्याचे कसब त्यांच्याबरोबर आले. पौलाचा धंदा तोच होता, म्हणून तो त्यांच्या घरी राहिला व त्यांच्याबरोबर काम करू लागला. पुढे त्याच जोडप्याच्या घरी मंडळी जमत असे, असे पौलाने रोमकरांस व करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांतून कळते. एकाच कुटुंबाच्या हातून कामाची जागा, पाहुण्याचा निवारा व उपासनेची जागा, ही तिन्ही घडली. जो सुवार्तिक आपल्या हाताने मिळवितो, त्याला कोणापुढे तोंड लपवावे लागत नाही. आणि ज्या शेडीत सहा दिवस प्रामाणिक काम होते, तीत सातव्या दिवशी गायिलेले गीत शेजाऱ्यांस खरे वाटते.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील कोणते काम बाहेरगावी जाऊन करून घ्यावे लागते? ते आपल्या मंडळीतील कोण शिकू शकेल?

२. आपल्या घराच्या जागेचा उतारा कोणाच्या नावे आहे? त्यात बहिणींची नावे आहेत काय?

३. २०१९ व २०२१ च्या पुराचे पाणी आपल्या गावात कोठवर आले होते? त्या खुणेच्या खाली कोणाची घरे आहेत, आणि त्यांच्यासाठी मंडळी काय करू शकेल?

४. गवंड्याने पायाभरणीस कोंबड्याचा आग्रह धरला, तर नवीन विश्वाशाने त्याला न दुखविता काय उत्तर द्यावे?

५. पुढील उन्हाळ्यात आपण सर्व मिळून कोणाचा पाया खणावा?

प्रार्थनेचा विषय: ज्यांना अद्याप स्वतःची जमीन नाही अशी कुटुंबे, कर्जाखाली दबलेली घरे, आणि कसब शिकून गावी परतू इच्छिणारे आमचे तरुण व तरुणी.